मोरीजवळची भर

रोलर चालवणं सोपं असतं. मागं-पुढं, मागं-पुढं. अवघड असतं ते थांबायचं कधी, हे कळणं. मी चौथी शिकलेला माणूस, पण मुरूम बसला का नाही ते मला सीटवर बसल्या बसल्या कळायचं. कच्चा थर चाकाखाली दबतो. पक्का झाला की रोलरच उड्या मारायला लागतो.

माझी बायको त्याच रस्त्याच्या कामावर पाणी मारायला होती. रोलर फिरला की ती एक सळई थरात खुपसून बघायची. सळई आत गेली की सगळ्यांदेखत म्हणायची, "अजून दोन फेऱ्या. रोलर फिरवताय का पाळणा हलवताय?" लोक हसायचे. सुपरवायझर मात्र वैतागायचा. त्याला दिवसाचं काम वर कळवायचं असायचं.

"मामी, तुम्ही इंजिनिअर हाव का?"

"भर दाबायचीय बाबा, झाकायची नाय," ती म्हणायची.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या सरकारी दवाखान्यात ठेवली. बायकांच्या वॉर्डात गड्यामाणसाला चार ते सहा एवढंच सोडायचे. माझं काम तेव्हा करमाडच्या पुढं, रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला बांधलेल्या एका मोरीवर. मोरीच्या भिंतीलगत भर टाकणं लई नाजूक काम. वीतभर थर, पाणी, रोलर, मग दुसरा थर. तिथं घाई चालत नाही.

सुपरवायझर मनानं वाईट नव्हता. म्हणाला, "मामा, दोन-दोन थर एकदम टाकतो. तीनला गाडी बंद करा अन् मामीकडं जा. काम बी होतं, भेट बी होती."

मी जन्मात तसं काम केलं नव्हतं. पण व्हय म्हणलो. चार दिवस तसंच केलं. वरून गुळगुळीत दिसायचं. खाली कच्चं राहिलंय हे मला कळत होतं.

ती खाटेवरून विचारायची, "मोरीची भर कुठवर आली?"

"वर आली."

"इतक्यात?"

"दुसरा रोलर लावलाय."

"पाणी कोण मारतंय?"

"हाय एक बाई."

"तिला सांगा, कडंला मार म्हणावं. कडंलाच कोरडं राहतं."

सांगतो म्हणलो. त्याच आठवड्यात ती गेली. माझं बोलणं तिला खरं वाटलं का नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

वर्षाच्या आत मोरीजवळ रस्ता खचला. मी बांधकाम खात्याच्या साहेबाकडं गेलो. म्हणलो, चूक माझी हाय, भर उकरा, मी फुकट रोलर चालवतो. साहेब म्हणाला, "बाबा, उकरायचं तर रस्ता बंद करावा लागंल. घरी बसा तुम्ही." वरून डांबर टाकलं. पुन्हा खचलं. पुन्हा टाकलं.

लेकीकडं जालन्याला जाताना एसटी तिथं दणकन आदळते. गेल्या महिन्यात शेजारच्या बाईचं डोकं समोरच्या दांड्यावर आपटलं.

"कुण्या मुडद्यानं केलाय हा रस्ता?"

"म्या केलाय," मी म्हणलो.

तिनं कपाळ चोळत माझ्याकडं बघितलं अन् हसायला लागली. "मग उतरा की बाबा, नीट करून या. आमी थांबतो."

आजूबाजूचे सगळे हसले. गाडी मोरी ओलांडून पुढं गेली होती. उतरून तरी मी काय करणार होतो?