पायांतून निघणारं लोखंड

सुर्ल्याच्या एका बाईने माझ्यासमोर टबातल्या लाल पाण्यात बोट बुडवलं, तो क्षण निवृत्तीनंतरही मनातून गेलेला नाही. तेव्हा मी गोव्यात डिचोलीला पोलीस निरीक्षक होतो.

सुरुवात एका तरुण मुलीपासून झाली. ती पोलीस स्टेशनवर आली आणि पर्स हरवल्याचं सांगू लागली. कुठे, कधी, ते मात्र सांगता येईना. मनातलं दुखणं घेऊन आलेली माणसं बहुधा आधी भलतीच तक्रार सांगतात. मी उठून बाहेर गेलो आणि महिला हवालदाराला आत पाठवलं.

मग खरं काय ते कळलं. मुलीच्या वहिनीच्या स्तनात गाठ होती. हॉस्पिटलने सुईने तपासणी करायला बोलावलं होतं. ते टाळून ती बाजारातल्या एका ‘शुद्धी केंद्रात’ जात होती. ते चालवणारा माणूस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पत्रकं वाटायचा : खाणीचे विषारी धातू अंगातून काढा, स्तनातली गाठ आपोआप विरेल. सुई टोचली तर धातू रक्तात पसरेल, असंही त्याने तिला बजावलं होतं.

उपचार साधा होता. मिठाच्या पाण्याचा टब, त्यात विजेवर चालणारं यंत्र, आणि पाय बुडवून बसायचं. थोड्या वेळात पाणी गंजासारखं लाल होई.

वहिनीचं सुर्ला हे खाणीचं गाव, तिथे हे पटायला वेळ लागत नव्हता. वहिनीचा नवरा लोहखनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. तो आंघोळीला बसला की न्हाणीतून लाल पाणी वाहायचं, हे ती लग्न झाल्यापासून बघत होती. अंगावरून निघतं तसं अंगातूनही निघेल, असं तिने गृहीत धरलं.

“लेखी तक्रार दे,” मी मुलीला म्हटलं.

“घरात कळला तर वयनी माज्याशी बोलाची नाय, सायब.”

मग तिनेच पेन ओढून घेतलं. “नाय बोलली तरी चलात. जिती रवांदे.”

आम्ही छापा घातला तेव्हा बायका रांगेने टॉवेल घेऊन बसल्या होत्या. वहिनीही होती. आमच्यावरच सगळ्या तुटून पडल्या.

“चोर सोडून आमच्या मागे कित्या लागलात?” एक म्हणाली.

त्यांतली एक पेडण्याची, मोप्याच्या पठारावरून आलेली. तिथे खाण नाही, तरी तिचंही पाणी तितकंच लाल. मी चौकशीत केंद्र चालवणाऱ्या माणसाला हे विचारलं.

“विमानतळाच्या बांधकामाची धूळ, साहेब,” तो शांतपणे म्हणाला.

“आणि म्हापशाच्या बायका?”

“भाज्यांवरचं औषध.”

त्याला कशानेच अडवता येईना. गोळी देत नाही, सुई देत नाही, लोक डोळ्यांनी बघतात, मग फसवणूक कुठली, असं तो मलाच विचारत होता. मी जप्त मुद्देमाल पुन्हा टेबलावर मांडायला सांगितला. यंत्राच्या तळाशी लोखंडी पट्ट्या होत्या, कडा खाल्ल्यासारख्या झिजलेल्या. शेजारच्या पिशवीत तशाच कोऱ्या पट्ट्या.

“लोखंड बायकांच्या अंगातून येतं ना? मग तुमच्या पट्ट्या का झिजतात?”

तो कोऱ्या पट्ट्यांच्या पिशवीचं तोंड बंद करू लागला.

दुसऱ्या दिवशी केंद्रात पंचांसमोर टब भरला. नणंदेने वहिनीला हाताला धरून आणलं होतं. दोघी बोलत नव्हत्या.

“पाय नसले तर यंत्र काम करत नाही,” केंद्रवाला म्हणाला.

“मग तुमचे घाला,” आमची हवालदार म्हणाली. “नाहीतर बाजारातून बांगडा आणूया?”

पंच हसले. त्याने पाय मागे घेतले. टबात कोणाचेच पाय न घालता आम्ही बटण दाबलं. पाणी आधी पिवळसर झालं, मग लाल.

वहिनी पुढे आली. तिने पाण्यात बोट बुडवलं, दोन बोटांत गाळ चोळून बघितला. मग नणंदेकडे वळली.

“चल गो. सुईक कधी बोलयतत ता इचारूया.”

गाठ कर्करोगाचीच निघाली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचारही झाले. वाया गेलेल्या दिवसांनी किती नुकसान केलं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. जबानीच्या वेळी तिने मला विचारलं, “पण हो रोग खाणीच्या धुळीन झालो काय?”

तोच प्रश्न मी तिच्या डॉक्टरबाईंना विचारला होता. काही धातूंवर संशय आहे, संशोधन चालू आहे. पण एका बाईला कशाने झाला हे कोणी सांगू शकत नाही. आणि तळपायांतून तर काहीच निघत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मी तिला तेच सांगितलं. नक्की माहीत नाही.

“त्येका सगळा म्हायत होता,” ती म्हणाली.

तिची भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीबद्दल तिच्याशी सगळ्यांत आधी बोलला तो केंद्रवाला, आमच्यापैकी कोणी नाही. त्यानंतरच्या नोकरीत, ज्याच्यापाशी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असायचं, त्याला मी चौकशीच्या खुर्चीवरून लवकर उठू दिलं नाही.