व्हिनी टार्व्हरची घंटा

मर्सी रिजवरचा पहिला विस्तव व्हिनी टार्व्हरने पेटवला. उत्तर-दक्षिणेचं युद्ध संपलं, गुलामी सुटली आणि ब्रॉकच्या मळ्यावरची मोजकी कुटुंबं ओढा ओलांडून या लाल मातीच्या उंचवट्यावर आली, तेव्हा इथे पाइनची झाडं आणि सापांशिवाय काही नव्हतं. कुणाचं खोपट कुठे, यावर पुरुषांचा वाद जुंपला. तोवर व्हिनीने ओकच्या झाडाखाली जाळ करून राखेत मक्याची भाकरी भाजायला घातलीसुद्धा. "वादाने पोट भरलं नसेल तर या, भाकरी झालीय," ती म्हणाली. आमच्या गावाचा इतिहास इथून सुरू होतो. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल आपला वेगळा लिहावा.

व्हिनीचा नवरा युद्धाआधीच टेक्ससला विकला गेला होता. तो गेला तेव्हा पदरात एकटी केझाया, तीही अंगावर पिणारी. पण बाई रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने शेत केलं, डुकरं पाळली, लेक वाढवली, आणि वर गावाला वळण लावलं. आधी आमचं चर्च म्हणजे चार खांबांवर टाकलेल्या फांद्या. पुढे फळ्यांचं चर्च उभं राहिलं ते व्हिनीच्या एका नियमामुळे. रविवारी कोंबडीने घातलेलं अंडं चर्चचं! ती स्वतः दारोदार टोपली घेऊन फिरायची.

"माझ्या कोंबड्या रविवारची वाट बघतात," ती चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन अब्सालोम केडला सुनवायची. "तुझ्या मात्र नेमका त्याच दिवशी उपास धरतात."

"सिस्टर व्हिनी, कोंबडीच्या मनातलं मला काय ठाऊक?"

"कोंबडीच्या नाही रे, तुझ्या बायकोच्या मनातलं विचार."

चर्च झालं, तशी घंटा हवीशी वाटू लागली. त्याच सुमारास ब्रॉकचा मळा मोडीत निघाला आणि डीकन खेचरांच्या गाडीत घालून तिथली घंटा घेऊन आला. आवाज खणखणीत, किंमत कमी. अब्सालोम भला माणूस. मळ्यावर तो लोहार होता, त्याची भट्टी उजाडल्यावर पेटायची. अंधारातच गुलामांना शेतावर हाकणाऱ्या त्या घंटेचा धाक त्याने कधी अनुभवलाच नव्हता. दारात खांब रोवून त्याने ती टांगली, आणि पहिल्या रविवारी सगळ्यांनी उगवत्या सूर्याबरोबर प्रार्थनेला जमावं म्हणून भल्या पहाटे, अंधारातच, जोरजोराने वाजवली.

चर्चकडे फक्त पोरंसोरं आली. म्हातारी माणसं अंथरुणातून उठली, चाचपडत कुदळी उचलल्या आणि मुकाट्याने शेताच्या वाटेला लागली. गुलामी सुटून वीस वर्षं होत आली होती. पायांना ते कळलं नव्हतं. व्हिनी स्वतःच्या कापसाच्या बांधावर पोचली तेव्हा कुठे भानावर आली. शेजारच्या बांधावर आणखी दोघं तशीच उभी होती. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. ती शरम तिच्या मनाला फार लागली. आपल्याच शेतात आपण हुकमाने आलो, याची शरम.

"ती घंटा तिथे आहे तोवर मी त्या दारात पाय ठेवणार नाही," तिने जाहीर केलं. आणि व्हिनी एकदा बोलली की बोलली.

पंचाईत झाली केझायाची. महिन्याभरात तिचं लग्न होतं, लॉन्झो नावाच्या गुणी पोराशी.

"मा, तू नसलीस तर मी लग्न करणार नाही."

"ओकच्या झाडाखाली कर. मी भाकऱ्या भाजते."

"ज्या चर्चसाठी तू अंडी गोळा केलीस, तिथेच करणार. नाहीतर राहीन अशीच."

"आईवर गेलीस मेली," व्हिनी म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. आपल्या हट्टापायी पोरीचं लग्न राहणार, हे तिला कळत होतं. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती एकटीच चर्चपाशी गेली. घंटेकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली. मळ्यावर मुकादमाखेरीज कुणी त्या दोराला हात लावला, तर पाठ सोलून निघायची. व्हिनीने दोर मुठीत धरला आणि सगळा जीव लावून ओढला. पुन्हा ओढला. आग लागली असं वाटून अख्खं गाव धावत आलं. डीकनच्या एका पायात बूट होता, दुसरा हातात.

"सिस्टर व्हिनी! काय झालं?"

"काही नाही. मी बोलावल्यावर कोण कोण येतं ते बघत होते."

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. व्हिनीही हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. मग दोर न सोडताच म्हणाली, "नीट ऐका. सूर्य ओकच्या झाडावर आल्याशिवाय ही वाजणार नाही. प्रार्थना असो, लग्न असो, कुणीही मरो. आणि आजपासून दोर माझ्याकडे."

"आणि लग्न?" केझायाने विचारलं.

"त्याची घंटा काय डीकन वाजवणार?"

तिनेच वाजवली. पुढे बरीच वर्षं तीच वाजवत होती.

व्हिनी गेली ती डिसेंबरमधल्या एका पहाटे, झोपेतच. गावात कुणी गेलं की त्याच्या वयाइतके ठोके द्यायची आमची रीत. म्हातारा डीकन अंधारातच काठी टेकत आला आणि त्याने दोराला हात घातला.

"थांबा," केझाया म्हणाली.

डीकनने जीभ चावली. सगळे थांबले. दवाने गवत पांढरं झालं होतं, थंडीने दात वाजत होते, पण कुणी घरी गेलं नाही. थोड्या वेळाने डीकनने हळूच विचारलं, "पोरी, ठोके किती देऊ? आईचा जन्म कुठल्या सालचा?"

गुलामाच्या पोराचा जन्म कोण लक्षात ठेवणार? व्हिनीला स्वतःलाही तो ठाऊक नव्हता. केझायाने ओकच्या झाडाकडे पाहिलं.

"तिने इथे पहिली भाकरी भाजली, तिथून मोजा," ती म्हणाली. "त्याआधीची वर्षं तिची नव्हतीच."

सूर्य ओकच्या शेंड्यावर आला, तेव्हा डीकनने दोर ओढला. आम्ही सगळे मोठ्याने ठोके मोजत होतो. गावाचं जितकं वय, तितकेच ते भरले.