तिचं गाव मी सांगितलं

"मूळ गाव कुठलं तुमचं?"

चिमट्यानं कणीस उलटत सरांनी विचारलं. सर म्हणजे आमच्या हॉस्पिटलमधले मोठे सर्जन, मराठीच. मी त्यांच्याच वॉर्डवर फिजिओथेरपिस्ट. लंडनजवळ वॉटफर्डच्या त्यांच्या घरी, मागच्या बागेत, सगळ्या वॉर्डला बार्बेक्यूला बोलावलं होतं.

"पुणे," मी म्हणालो.

"पुणे सगळेच सांगतात हो. त्याआधीचं? आडनावावरून काही पत्ता लागत नाही तुमचा."

"अहो, जेवू द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या. पण उत्तरासाठी त्याही थांबल्या.

हा प्रश्न मला लांबून ओळखू येतो. आवाज गोड होतो. मान जराशी कलते. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत रूममेटनं कॉट दुसऱ्या खोलीत नेली. तेव्हापासून मी पुण्याचा. आता पन्नाशी आली, देश बदलला, तरी विचारणाऱ्याचे डोळे आधी तपासतो.

शेजारी रोझाना उभी होती. आमच्या वॉर्डची रिसेप्शनिस्ट, इटलीची. तिचं गाव तिनं फक्त मला सांगितलं होतं. छोटंसं गाव. त्यांचा हुकूमशहा तिथेच जन्मला, तिथेच पुरला. दुकानांत त्याच्या चेहऱ्याच्या बाटल्या, ॲप्रन. त्याच्या पुण्यतिथीला काळे शर्ट घातलेली माणसं बस भरून येतात, थडग्यापुढे हात उंचावतात. रोझानाचे वडील तिथे बेकर होते. काळ्या शर्टवाल्यांना पाव विकणार नाही म्हणाले. बेकरी बंद पडली. पण गावाचं नाव ऐकल्यावर बेकर कुणाला आठवत नाही. म्हणून ती शेजारच्या मोठ्या शहराचं नाव सांगते.

हे सगळं मला माहीत होतं.

"माझं काय घेऊन बसलात, सर," मी इंग्रजीत म्हणालो, सगळ्यांना कळावं म्हणून. "रोझानाचं गाव ऐका." आणि सांगून टाकलं.

सरांनी चिमट्यासकट हात वर केला. टाचा जुळवल्या. "मग तुझ्या आजीनं त्याला पास्ता खाऊ घातला की नाही?"

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं.

रोझानानं प्लेट खाली ठेवली आणि पर्स आणायला आत गेली. परत आली नाही.

सोमवारी रिसेप्शनवर तिनं मान वर केली नाही. "तुलाच का सांगितलं, माहीत आहे? गाव विचारलं की माझ्यासारखा तूही आपल्या बुटांकडे बघतोस."

मी सॉरी म्हणालो.

"रेफरल्स ट्रेमध्ये आहेत," ती म्हणाली.

अपमान म्हणजे माझ्यावर होणारी गोष्ट, असंच मी आयुष्यभर समजत आलो होतो. कुठे दुखतं हे मला नेमकं ठाऊक होतं. म्हणून तर नेमकं तिथेच बोट ठेवता आलं.

गुरुवारी स्टाफरूममध्ये सरांनी पुन्हा काढलं. "त्या दिवशी राहूनच गेलं बघा. मूळ गाव?"

"शेलगाव. बौद्धवाडा. माझे आजोबा मेलेली गुरं ओढायचे. जेवायला वेगळं ताट होतं त्यांचं, तेही अंगणात."

सर दचकले. "अरे, छे! आम्ही तसलं काही मानत नाही."

"मग तीनदा का विचारलंत?"

ते कॉफीचा कप घेऊन वॉर्डकडे निघाले. त्या दिवसापासून ते माझ्याशी फार सभ्यपणे वागतात. त्या सभ्यपणाचाही मला संशय येतो.

रोझाना अजून कामापुरतंच बोलते. तिनं माफ करावं असं मी म्हणणार नाही. तिच्या गावाचं नाव इथेही लिहिलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तीच ठरवेल.

माझं मी सांगणार. कुणी गोड आवाज काढायच्या आत, वाड्यासकट. आणि पुन्हा कुणी तिच्यासमोर तसा हात वर केला, तर तो सगळ्यांदेखत खाली घ्यायला लावणार. सरांचा असला तरी.