कट्ट्यावरचं ताट

आज सकाळी शेजारी वडे तळत होते आणि चौकातल्या स्मारकापाशी डीजेवाले स्पीकर तपासत होते. कारगिल विजय दिवस. तळणीचा तो वास नाकात शिरला आणि राधाक्का डोळ्यांपुढे आली. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

असाच एक विजय दिवस होता. तेव्हा मी गावच्या शाळेत नवी शिक्षिका होते, त्यामुळे माईक आणि भोंगा माझ्याकडे. गावातल्या स्मारकावर फोटो होता तो कारगिलमध्ये गेलेल्या राधाक्काच्या मुलाचा. आमच्या लेखी तो सोहळा होता, तिच्या लेखी लेकाचं श्राद्ध. वडे, खीर, आमटी-भात असं ताट वाढून तिनं स्मारकाच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. कावळा शिवेपर्यंत ती पाणीसुद्धा पिणार नव्हती. आणि भोंग्यावर गाणी अशी दणाणत होती, की कावळे लांबच्या लिंबावरून हलेनात.

"बाई, तेवढा भोंगा बंद करा की. कावळं खाली उतरंनात."

"पाचच मिनिटं, आक्का. पाहुणे निघालेत पारनेरहून."

खरं तर मला तिचा रागच आला होता. त्या ताटामुळे कट्टा फोटोत बरा दिसला नसता.

पाहुणे दुपारी उगवले. शाल, नारळ, भाषणं, घोषणा. खिरीवर माशा बसल्या. एक बटण तर दाबायचं होतं मला!

शेवटी तिनं ताट उचलून पदराखाली झाकलं आणि फोटोकडं बघत हळूच म्हणाली, "उद्या येते रं बाबा. उद्या हितं कुनी नसतं."