गारगोटीचा पिवळा रंग

प्रयोगशाळेत तिला सगळे चकतीताई म्हणत. हजारो वर्षांपूर्वीच्या खापराची किंवा दगडी कुऱ्हाडीची कपची आली की ती काचेवर चिकटवायची आणि घासून घासून इतकी पातळ करायची की दगडातून उजेड आरपार जावा. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ती चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, आतल्या खनिजांवरून सांगायच्या की माती कुठली आणि भांडं कुठून आलं. नाव मॅडमचं आणि कंबरदुखी आपली, असं चकतीताई हसत हसत म्हणायची.

घासणं कधी थांबवायचं हे गारगोटीचे कण सांगतात. सूक्ष्मदर्शकाच्या खास उजेडात ते पिवळसर दिसले तर चकती अजून जाड आहे. पांढरट-करडे दिसले की हात आवरायचा. त्यापुढे घासलं तर खापर काचेवरून नाहीसंच होतं. चकतीताईची अख्खी नोकरी या पिवळ्या-करड्यात गेली होती आणि तिच्या हातून चकती बिघडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

यंदा मात्र लागोपाठ दोन बिघडल्या. तिची आई शिवणकाम करायची. याच वयात आईचे हात थरथरायला लागले आणि मशीनवर चादर पडली ती कायमचीच. चकतीताई रोज सकाळी उठून हात पुढे धरून बघू लागली. हात स्थिर दिसायचा, पण तिचा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. घरीही ती करवादलेली. बैठकीच्या खोलीला पांढरा रंग लावून झाला, तर "पिवळट लावलास" म्हणून ती रंगाऱ्याशी कडाकडा भांडली आणि त्याला सगळं पुन्हा रंगवायला लावलं. तरीही तिचं समाधान नाही.

त्यातच संग्रहालयातून एका मातीच्या दिव्याची कपची आली. एवढीच मिळेल, पुन्हा मागू नका, असं बजावून दिलेली. चकतीताई ती घेऊन तशीच मॅडमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझा हात गेलाय."

"दुसरं कोण आहे इथे? मी? मला धड पेन्सिलीला टोक काढता येत नाही." मॅडम खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आल्या. "तुम्ही घासा, मी शेजारी बसते."

थोडं घासायचं, धुवायचं, बघायचं, असं सुरू झालं. चकतीताईचा सूक्ष्मदर्शक जुना, एकाच डोळ्याने बघायचा. तिने नेहमीसारखा उजवा डोळा लावला.

"अजून पिवळं आहे," म्हणत ती चकती उचलायला लागली.

"थांबा." मॅडमनी वाकून पाहिलं. "पिवळं कुठे? चांगलं करडं आहे."

"आयुष्यभर हेच बघत आलेय मी, मॅडम."

"म्हणूनच म्हणते, जरा डावा डोळा लावा बरं."

चकतीताईने डावा लावला. कण करडे होते. उजवा लावला, तर पिवळे. पुन्हा डावा लावला.

"मोतीबिंदू," मॅडम म्हणाल्या. "माझ्या वडिलांना ताजं वर्तमानपत्रही जुनं वाटायचं."

म्हणजे चकत्या वेळेवर तयार होत होत्या आणि आपल्याच डोळ्यातला पिवळेपणा जावा म्हणून ती घासत बसली होती. हात बिचारा सांगितलेलं काम करत होता. चकतीताईचा जीव भांड्यात पडला आणि ती तिथेच हमसून रडायला लागली. मॅडमनी आधी दिव्याची चकती तिच्यापासून लांब सरकवली, मग तिला रुमाल दिला. त्या चकतीत पुढे शिंपल्यांचा बारीक चुरा सापडला. दिवा समुद्रकाठच्या मातीचा निघाला.

घरी आल्यावर ती उंबऱ्यातच थांबली आणि तिने उजवा डोळा हाताने झाकला. भिंत पांढरीशुभ्र होती.

"डॉक्टरांची वेळ घ्यायचीय," ती नवऱ्याला म्हणाली. "डोळ्याच्या."

"आणि हाताचं काय?"

"कुठल्या हाताचं?"

"रोज सकाळी धरून बघतेस, त्या."

आपण हे त्याच्या नकळत करतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं. ती त्याच्याशेजारी बसली आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"यांना काही झालेलं नाही," ती म्हणाली.

त्याने ते हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता रंगाऱ्याची माफी मागायला तू जा. मला तो दारात उभं करत नाही."