काडीच्या फोनमधले मास्तर

काडीबद्दल कुणी वाईट बोलत नाही. त्याच्याबद्दल माझी पहिली तक्रार हीच आहे.

माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर त्याचं शिवणकामाचं दुकान आहे. अंगाने इतका बारीक की स्वतःच्या दुकानातला कुठलाही तयार कपडा त्याला ढगळ होईल. गिऱ्हाईक आलं की आधी पंखा त्याच्याकडे वळवतो, मग गळ्यातला टेप काढतो. पोट सुटलेला माणूस माप देताना श्वास आत ओढून उभा राहिला, तर हा हळूच म्हणतो, "सोडा श्वास, साहेब. कोट तुम्हाला शिवायचाय, आरशाला नाही." माणूस हसतो आणि श्वास सोडतो. हेच वाक्य मी बोललो असतो तर भांडण झालं असतं.

आम्ही दोघं एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलो. मिसरूड फुटायच्या आधी मी तिथे कामाला लागलो, हा माझ्या मागाहून आला. मास्तरांचं नाव होतं ते कोटासाठी. त्यांनी बसवलेली बाही अशी असायची की माणसाने हात वर केला तरी कोट खांद्यावरून हलायचा नाही. ती बाही कशी बेततात, हे त्यांनी मला कधी दाखवलं नाही. मी काजं करायचो. शर्टांची काजं, कोटांची काजं, वर्षानुवर्षं नुसती काजं. काडी आला आणि थोड्याच दिवसांत कापायच्या टेबलापाशी उभा राहिला. हे नावही मास्तरांनीच ठेवलेलं. "काडी, इकडे ये. काडी, खडू धर." तो त्यांच्या गळ्यातला ताईत झाला आणि मी दारापाशी उजेडात बसून सुईत दोरा ओवत राहिलो. हात माझा त्याच्यापेक्षा साफ होता. हे मी म्हणत नाही, काडीच चारचौघांत म्हणायचा, आणि त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पुढे मास्तरांनी त्याच्या हातात कात्री दिली, दुकानही दिलं. मी काम सोडलं आणि मोबाइल दुरुस्ती शिकलो. बारीक कामाची सवय होतीच. आता माझं बरं चाललंय. फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या, पाण्यात पडलेले फोन, सगळं माझ्याकडे येतं. तरी रस्त्याने कुणी कोट घालून चाललं की माझी नजर आधी त्याच्या खांद्यावर जाते.

मास्तर थकले, तसे लांब मुलीकडे राहायला गेले. तिथून ते मुलीच्या फोनवरून काडीला व्हिडिओ पाठवायला लागले. काडी दुकानाच्या पायरीवर उभा राहून ते बघायचा आणि एकटाच हसायचा. सगळ्या रस्त्याला ठाऊक झालं. "मास्तर तिकडून कोटाची बाही शिकवतायत म्हणे," असं इस्त्रीवाल्याने मला मुद्दाम येऊन सांगितलं. मी म्हटलं, चांगलं आहे. घरी येऊन बायकोला तेच सांगितलं, तर ती म्हणाली, "मग? तुम्हाला आता कोट शिवायचाय का?"

"प्रश्न कोटाचा नाही."

"मग कशाचा आहे?"

भाजी अळणी झाली आहे असं म्हणून मी ताटावरून उठलो.

मग मास्तर गेले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी काडी माझ्या दुकानात आला. फोन त्याने अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता.

"सगळे गेले रे," तो म्हणाला. "फोन भरला, फोन भरला असं सारखं दाखवत होता. बायको जागा करायला गेली आणि मास्तरांचे सगळे व्हिडिओ पुसून बसली."

"डिलीट केलेलं काही दिवस फोनच्या कचरापेटीत असतं. तिथे बघितलंस?"

"तीही तिने रिकामी केली. टापटिपीची आहे ना."

"चॅटमध्ये असतील."

"चॅट मागचा फोन बदलला तेव्हाच गेली. हे मेमरी कार्डावर ठेवले होते म्हणून राहिले होते. मास्तरांच्या मुलीचा फोनही कधीच मोडीत गेलाय."

"पुसल्यावर फोनवर नवीन काही काढलंस? फोटोबिटो?"

"छे. लगेच बंद केला. नवीन काही आलं की ते जुन्याच्या जागेवर बसतं ना?"

हेही याला बरोबर माहीत. माणसाने एखादी तरी चूक करावी.

"तुझ्याशिवाय कुणाकडे देऊ?" तो म्हणाला. "आत मास्तर आहेत." मी त्याच्याकडे न बघता फोन घेतला आणि उद्या दुपारी यायला सांगितलं.

तो पायरी उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. बाही मी बघणार, नीट शिकून घेणार, आणि त्याला सांगणार की काही हाती लागलं नाही. असल्या कामांत निम्म्या वेळा काही हाती लागतही नाही, त्यामुळे मला कोण विचारणार होतं? मास्तरांनी माझ्यापासून जे लपवलं, ते माझ्याकडे राहील आणि त्याच्याकडे काहीच राहणार नाही. या विचाराने मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःसाठी चहा मागवला.

कार्ड काढून मी रीडरमध्ये घातलं आणि कॉम्प्युटरला जोडलं. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तशीच पडून असते. सॉफ्टवेअर कार्ड चाळत राहिलं आणि एकेक व्हिडिओ वर यायला लागला, नावं जाऊन नुसते आकडे उरलेले. आमच्या धंद्यात अशी फाइल उघडून फक्त चालते की नाही बघतात आणि बंद करतात. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि खुर्ची पुढे घेतली.

पहिल्यात मास्तरांच्या नाकपुड्या होत्या आणि वर छत. "काडी, दिसतोय का रे मी?" एवढं विचारून संपला. दुसऱ्यात, "काडी, या बघ नवीन चपला. जावयाने आणल्यात. चावतात, पण सांगायचं कसं?" तिसऱ्यात खिडकीतलं कबूतर. चौथ्यात गुडघा. मी बाहीची वाट बघत होतो. एकात त्यांनी कात्री हातात घेतली आणि मी पडद्याला नाक लावलं. त्यांनी औषधाचं पाकीट कापलं, गोळी तोंडात टाकली आणि म्हणाले, "काडी, जेवलास का वेळेवर? दोरा तोडत बसशील चार वाजेपर्यंत." शेवटच्यात तर "काडी" एवढंच म्हणून ते बराच वेळ फोनकडे बघत बसले होते.

बाही कुठेच नव्हती. कोटाचा विषयसुद्धा नव्हता. म्हाताऱ्याला तिकडे करमत नव्हतं आणि करमत नाही तेव्हा त्याला हाच आठवत होता. बाही असती तर मी बिनदिक्कत चोरली असती. याचं मी काय करणार होतो? माझ्या पोटात खरोखरच दुखायला लागलं.

आणि मधला एक होता. मास्तर मान तिरकी करून म्हणत होते, "काडी, तो दुसरा आपल्याकडे होता ना... काजं करायचा तो. कुठे असतो रे? काय बरं नाव त्याचं?" मग त्यांनी कपाळ चोळलं, थोडा वेळ आठवून पाहिलं, आणि कबुतराकडे वळले.

मी तो परत लावला. याही वेळी त्यांना आठवलं नाही.

चहा तसाच निवला होता. काही मिळालं नाही असं सांगून टाकावं, किंवा निदान हा एक तरी गाळावा, असं मनात आलं. पण सगळेच गेले म्हटलं तर हा माझ्यासमोर बसून रडणार, आणि त्याचं रडणं मला बघवलं नसतं, कारण मला रडायला काहीच नव्हतं. एक गाळला तर त्याला कळणार की मी बघितला. म्हणून मी नव्या कार्डावर सगळे भरले, तोही.

दुसऱ्या दिवशी काडी स्टुलावर बसला आणि त्याने पहिला लावला. "काडी, दिसतोय का रे मी?" माझ्या दुकानात मास्तरांचा आवाज घुमला. काडी हसला आणि बाहीने डोळे पुसले.

"सगळे आले?"

"सगळे."

"सगळे?" त्याचा अंगठा थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. "तू बघितलेस का रे?"

"गिऱ्हाइकांचं आम्ही बघत नाही. चालतं की नाही तेवढं तपासतो."

त्याने मान हलवली, फोन अस्तरात गुंडाळला आणि उठला. पायरीपाशी जाऊन थांबला.

"मास्तरांचं शेवटी शेवटी काही खरं नव्हतं," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "नावंच विसरायचे सगळ्यांची. माझंसुद्धा विसरायचे."

मी "हं" म्हटलं. तो गेला.

एकूण एक व्हिडिओ मी बघितला होता. एकही असा नव्हता ज्याच्या सुरुवातीला "काडी" नव्हतं. कात्रीवरून मी त्याच्यावर जळलो, दुकानावरून जळलो, नाकपुड्या आणि कबुतरावरूनही जळून झालं. आता हे खोटंही तो माझ्यासाठी इतकं सहज बोलून गेला होता, आणि त्याच्या जागी मी असतो तर बोललो नसतो.