गियोमारचा कान

लागुशच्या किनाऱ्यावर कुठलंही तारू पाण्यात जायचं म्हटलं की आधी म्हाताऱ्या लोरेंसोची मोगरी वाजायची. फळ्यांमधल्या फटीत जुन्या दोरखंडाचे पिंजलेले धागे ठासायचे आणि वर उकळतं डांबर ओतायचं, हा त्याचा मिसरूड फुटायच्या आधीपासूनचा धंदा. फट गच्च भरली असली की ठोका खणखणतो. आत पोकळ राहिली तर भिजल्या घोंगडीवर काठी मारावी तसा बद्द आवाज येतो. म्हणून या धंद्यात डोळ्यापेक्षा कानाला मान. आणि देवाची करणी बघा, जन्मभर ठोके ऐकून आधी जातो तो कानच.

लोरेंसोचाही गेला होता. हे फक्त त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या सुनेला, गियोमारला. ती तारवाच्या सावलीत बसून दोरखंड पिंजायची. बायकांचं काम तेवढंच. बाईचा ठोका बसलेलं तारू तळ गाठतं, असं किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगायचं. हात दोरात आणि कान सासऱ्याच्या मोगरीवर, असा तिचा दिवस जायचा. ठोका बद्द वाजला की ती हळूच त्याच्या पायावर खडा मारायची. म्हातारा मागं येऊन ती फट पुन्हा ठासायचा.

त्या वर्षांत सगळ्या गावाला दक्षिणेची खाज सुटली होती. पूर्वी म्हणायचे, तिकडच्या एका भूशिरापलीकडं समुद्र उकळतो. मग एक तारू जाऊन जिवंत परत आलं आणि जो तो निघाला. येताना सीलची कातडी नि तेल आणायचे. माणसं गुलाम म्हणून बांधून आणायचे वाईट दिवस अजून यायचे होते. तांडेल मार्तिनच्या नव्या तारवावर गियोमारचा नवरा आल्वारो खलाशी म्हणून लागला होता.

तारू ओहोटीच्या वाळूवर टेकलेलं. भरती आली की आपसूक तरंगणार, म्हणून मार्तिननं घाईनं पाण्याची पिंपंसुद्धा आत चढवलेली. रिवाज असा, की लोरेंसोनं मोगरी मारत तारवाला फेरा घालायचा आणि शेवटी पाव मोडून खलाशांना वाटायचा. पाव मोडला की डांबर ओतायचं. पुढं कुणी फटीला हत्यार लावायचं नाही.

म्हाताऱ्यानं फेरा घातला. सुकाणूपाशी ठोका बद्द वाजला. गियोमारनं खडा मारला, तो वाळूत गेला. दुसरा मारेपर्यंत म्हातारा पलीकडच्या अंगाला. तिकडचं तर तिला काहीच ऐकू येईना. लाटांचा नि खलाशांचा कालवा. फेरा संपवून त्यानं पाव हातात घेतला, तशी ती उठली, पाव हिसकला आणि मोडता येऊ नये म्हणून पावावरच बसली.

"ए बाई, ऊठ!" मार्तिन खेकसला. "भरती काय तुझी वाट बघणाराय?"

"फट फुटली तर समुद्र तुमची वाट बघंल, तांडेल."

आल्वारो कानकोंडा झाला. "आगं गप की. लोक हसाय लागल्यात."

"हसू देत. कोरडी हायत तवर हसतील."

तिनं सुकाणूपाशी बोट दाखवलं. मार्तिननं स्वतः ठोका मारून पाहिला. बद्दच. मग लोखंडी आकडीनं धागे उपसले, तर आत गच्च भरलेलं. बोट शिरायला जागा नाही. खलाशी खिदळायला लागले. "सुनंच्या कानात डांबर गेलंय!" एकजण म्हणाला.

गियोमारचं तोंड लालबुंद झालं. म्हातारा एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. ती त्याच्या कानाशी गेली आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "मामंजी! बद्द वाजतंय, पण फट भरल्याली हाय!"

हसणं थांबलं. सुनेनं सासऱ्याच्या कानात का ओरडावं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. 'बायकांची बडबड' म्हणून म्हातारा अजूनही उडवून लावू शकला असता. त्यानं आधी त्याच तारवातून जाणाऱ्या पोराकडं पाहिलं.

"आत पिंप टेकलंय का बघा," तो म्हणाला. "भरल्यालं पिंप फळीला टेकलं की चांगली फट बी मुकी हुती."

बघितलं, तर पिंपच टेकलेलं.

"म्हंजे ही चुकली!" मार्तिन म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडला.

"चुकली. पर ऐकलं तरी तिनं. मला कायबी ऐकू आलं न्हाई, तांडेल. साल झालं." म्हाताऱ्यानं मान वर केली. "पिंपं मधी घ्या. सगळं तारू परत ठोकायचं. मी मारतो, ही ऐकंल."

मार्तिननं शिव्या घातल्या, पण उपसलेली फट पुन्हा ठासून घेतली, पिंपं हलवली. भरती आली आणि दोरांनी बांधलेल्या तारवाखालून रिकामीच गेली. पुढच्या ओहोटीला सासरा-सून निघाली. खण, खण, खण. आणि पलीकडच्या अंगाला, तारवाच्या पुढच्या टोकाशी, बद्द. गियोमारनं हात वर केला. उकरलं, तर वर धाग्यांचा नुसता पापुद्रा, आत अख्खं बोट गेलं.

आल्वारोनं वाकून पाहिलं. "माझी निजायची जागा हितंच हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा बायकोला गप बस म्हणाला नाही.

फट भरता भरता म्हाताऱ्याचा खांदा भरून आला. त्यानं मोगरी सुनेच्या हातात दिली. "हाण."

"बाईचा ठोका? लोरेंसो, आरं इपरीत हुईल!" मार्तिननं छातीवर क्रुसाची खूण केली.

"मला ऐकू येत न्हाई," म्हातारा म्हणाला.

तिनं हाणला. तारू खणखणलं.

हिवाळ्याच्या तोंडाला, ऑलिव्ह झोडपायच्या दिवसांत ते परत आलं, तेलानं भरलेलं. आल्वारोची दाढी छातीवर आलेली. "तळाला एवढं कोरडं, की उंदरं तहानंनं मेली असती," असं मार्तिन गुत्त्यात सांगत फिरला. बाईच्या ठोक्याचं मात्र तो कुणापाशी बोलला नाही. पण पुढचं तारू बांधलं तेव्हा गुपचूप येऊन विचारलं, "सासरा-सून मोकळी हायसा का?"

म्हातारा गेल्यावर मोगरी गियोमारकडंच राहिली. आपलाही कान एक दिवस जाणार, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून धाकट्या जावेला तिनं शेजारी बसवलं. दर ठोक्याला तिला विचारायची, "सांग, काय ऐकलंस?"